गाडीतले हिरवे पाणी, पोटातले विष

येडशीत बर्फ कधी पडत नाही, मग गाडीत ‘अँटिफ्रीझ’ कशाला, असे मला अनेकजण विचारतात. त्याचे काम दुहेरी आहे. बहुतेक कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल पाण्यात निम्मेनिम्म मिसळले, की मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांना उकळते. सोबतची रसायने गंज रोखतात. ऐन उन्हाळ्यात बालाघाटाचा चढ चढणाऱ्या गाडीला म्हणूनच ते हवे.

धोका वेगळाच आहे. हे द्रव्य चवीला गोड असते. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते. कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचे स्फटिक होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. सुरुवातीला रोगी केवळ दारू प्यायल्यासारखा वाटतो व मोलाचा वेळ जातो. याच कुळातील डायइथिलीन ग्लायकॉल औषधी ग्लिसरीनमध्ये आल्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली.

म्हणून माझे सांगणे एवढेच. कूलंट पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. सांडलेले लगेच धुऊन टाका. मुले, कुत्री-मांजरे तोंड लावतात. कुणी प्यायलेच, तर उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका. डबा सोबत घेऊन मोठे रुग्णालय गाठा. उतारा व डायलिसिस वेळेत मिळाले, तर जीव वाचू शकतो. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. भाजलेच, तर २० मिनिटे वाहते थंड पाणी हाच पहिला उपचार.