जाहिरातशास्त्रातील डॉक्टरेट: निवड कशी करावी?

निपाणी वा बेळगाव येथील एखादा पदव्युत्तर विद्यार्थी जनसंपर्क व जाहिरात या विषयात पीएच.डी. करण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याच्यापुढे प्रथम प्रश्न उभा राहतो तो विद्यापीठाचा. कोल्हापूर बरे, की धारवाड, की पुणे? हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो पहिला नव्हे. आपल्याला शोधावयाचे काय आहे, हा पहिला प्रश्न होय. या पदवीस किमान तीन वर्षे लागतात आणि सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची आहे. उमेदीचा एवढा काळ केवळ मोठ्या नावाच्या मोहाने कोठेही गुंतविणे मध्यम स्थितीतील कुटुंबास परवडणारे नाही.

अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जाहिरात या विषयाची स्वतंत्र डॉक्टरेट मिळते. भारतात बहुधा तसे नसते. येथे हे संशोधन पत्रकारिता व जनसंज्ञापन, वाणिज्य किंवा व्यवस्थापन यांपैकी एखाद्या शाखेखाली चालते. जाहिरातीची भाषा आणि तिचा लोकमनावरील परिणाम तपासावयाचा असेल, तर संज्ञापनाची शाखा योग्य. जाहिरातीवरील खर्च आणि विक्री यांचा संबंध पाहावयाचा असेल, तर वाणिज्याची. म्हणजेच प्रश्न ठरला की शाखा ठरते आणि शाखा ठरली की विद्यापीठांची यादी आपोआप लहान होते.

सीमाभागात अशा प्रश्नांचा तुटवडा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाचा आरंभ बेळगावात केला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्र कालांतराने नामांकित मराठी मासिक झाले. जनसंपर्काचा याहून चांगला नमुना शोधण्यास दूर जावे लागणार नाही. दुसरे उदाहरण निपाणीच्या बाजारपेठेचे. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली; मग विडीच्या छापाचे नाव गिऱ्हाइकाच्या ओठी टिकते कसे? तसेच एकाच दुकानाची मराठी आणि कानडी जाहिरात दोन वाचकांस सारखीच पटते काय? दोन्ही भाषा जाणणाऱ्या येथील विद्यार्थ्याजवळ या कामी जे भांडवल आहे, ते महानगरातील विद्यार्थ्याजवळ सहसा नसते.

यानंतर मार्गदर्शकाचा शोध. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि पुण्याची, १९६४ पासून पत्रकारिता शिकविणारी रानडे इन्स्टिट्यूट येथे या शाखेचे अध्यापन चालते. परंतु अमुक प्राध्यापकांनी आपल्या विषयाला जवळचे संशोधन करवून घेतले आहे काय, हे पाहावे. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात देशातील असंख्य प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. मार्गदर्शकाच्या नावाने तेथे शोध घेता येतो. प्रबंध चांगले आहेत काय आणि विद्यार्थी वेळेत मोकळे झाले काय, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकास नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा रिकामी आहे काय, हे आधीच विचारावे.

प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत सामान्यतः ५५ टक्के गुण लागतात. २०२४ पासून ‘नेट’चे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासही धरण्याची सोय झाली आहे. नोकरी सांभाळणाऱ्यास अर्धवेळ संशोधनाची वाट आहे. त्यास कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. पत्राद्वारे मिळणारी पीएच.डी. मात्र आयोगास मान्य नाही.

अर्ज भरण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: प्रबंध कोणत्या भाषेत लिहिता येईल आणि शिष्यवृत्ती न मिळाल्यास वार्षिक शुल्क किती पडेल. या दोहोंची स्पष्ट उत्तरे मिळाल्याखेरीज पैसे भरू नयेत.