झोपेची गोळी : आधार की बंधन?

पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार करणारे एक सुखवस्तू कुटुंब राहते. एके दिवशी पहाटे सामायिकासाठी उठलेल्या सासूबाईंना स्वयंपाकघरात खाकऱ्यांचा डबा उघडा दिसला. ओट्यावर लोणच्याची बरणी आणि उष्टी ताटली होती. सूर्यास्तानंतर ज्या घरात चूल पेटत नाही, तेथे रात्री कोण जेवले? आठवडाभरात हाच प्रकार आणखी दोनदा घडला आणि संशय साहजिकच घरी मुक्कामाला असणाऱ्या कामवाल्या मावशींवर गेला. त्यांनी शपथेवर नाकारले. तरीही महिन्याचा पगार हाती देऊन त्यांना निरोप देण्यात आला.

मावशी गेल्यानंतरही डबे उघडेच सापडत राहिले. अखेर सी. ए. च्या परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलाने एका रात्री दीड वाजता पाहिले, की स्वयंपाकघरात गॅस पेटलेला आहे आणि त्याची आई ओट्याशी उभी राहून खात आहे. तिचे डोळे उघडे होते. त्याने हाक मारताच तिने 'हो' असे उत्तरही दिले. सकाळी मात्र तिला यातले काहीच आठवत नव्हते. लग्नापासून बावीस वर्षे अखंड चौविहार पाळणारी ती श्राविका हे ऐकून दिवसभर कोणाशी बोलली नाही. आपल्या हातून व्रतभंग झाला आणि त्याची आपल्याला जाणीवही नाही, हे दुःख तिला असह्य झाले.

कारण उशाशीच होते. वडिलांच्या निधनानंतर झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी तिला पंधरा दिवसांसाठी झोल्पिडेमची दहा मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. ते पंधरा दिवस लांबत जाऊन अकरा महिने झाले होते.

औषधाचा ज्ञात दुष्परिणाम

या बाईंना घडले ते विलक्षण वाटले, तरी वैद्यकशास्त्राला अपरिचित नाही. झोल्पिडेम व त्याच्या जातीच्या गोळ्या घेतल्यानंतर काही व्यक्ती पूर्ण जाग न येता उठतात, चालतात, स्वयंपाक करतात, खातात, क्वचित वाहनही चालवतात; आणि सकाळी स्मृती कोरी असते. अशा घटनांत गंभीर इजा व मृत्यूही झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतील सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. ज्याला एकदा असा अनुभव आला, त्याने ही गोळी पुन्हा घेऊ नये, असे तो इशारा सांगतो. त्यापूर्वी २०१३ मध्ये याच संस्थेने स्त्रियांसाठीची नेहमीची मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणली होती. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते आणि सकाळीही त्याचा अंमल उरतो, हे त्यामागचे कारण.

जैन कर्मसिद्धान्ताच्या अभ्यासकांना येथे दर्शनावरणीय कर्माच्या प्रकृती आठवतील. निद्रेचे पाच प्रकार सांगताना शास्त्रकारांनी अखेरचा प्रकार 'स्त्यानगृद्धी' हा सांगितला आहे. त्यात जीव झोपेतच उठून कार्य करतो आणि जागृतीत त्याला त्याचे स्मरण राहत नाही. औषध आणि कर्म यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. परंतु झोपेतही माणूस क्रिया करू शकतो, हे निरीक्षण आपल्या परंपरेला नवे नाही. त्या बाईंनी महाराजसाहेबांपुढे सारे निवेदन केले, तेव्हा त्यांनी प्रथम वैद्याकडे जाण्यास सांगितले. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि रात्रीचे प्रसंग थांबले.

त्यागाच्या उत्साहातील धोका

दुसरा अनुभव एका धान्याच्या आडत व्यापाऱ्याचा. उधारी थकली, भागीदाराशी वाद झाला आणि रात्री छताकडे पाहण्यात जाऊ लागल्या. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची लहान गोळी महिनाभरासाठी दिली. पुढे ओळखीच्या औषध दुकानातून चिठ्ठीविनाच ती मिळत राहिली. एकीची दोन, दोनाच्या तीन झाल्या. चार वर्षांनी पर्युषणात त्यांनी अठाई करण्याचे ठरवले आणि त्याच दिवशी गोळीचाही त्याग केला. घरच्यांना कौतुकच वाटले.

दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हात कापू लागले, घाम सुटला, छाती धडधडू लागली. उपवासाचा थकवा समजून सर्वांनी दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी व्याख्यानात बसले असतानाच त्यांना आकडी आली.

रुग्णालयात उलगडा झाला. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या नैसर्गिक द्रव्याचा प्रभाव वाढवतात. काही आठवड्यांत मेंदू त्या आधाराला सरावतो आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. आधार अचानक काढला, तर आवरलेली सारी उत्तेजना एकदम उसळते. निद्रानाश पूर्वीपेक्षा तीव्र होतो, कंप सुटतो, प्रसंगी आकडी येऊन जिवावर बेतते. म्हणून दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी व्रत म्हणूनही एका दिवसात सोडू नये. या गृहस्थांची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत नेली. पूर्ण सुटण्यास आठ महिने लागले. त्यागाचा संकल्प योग्यच होता, मार्ग मात्र क्रमाचा हवा होता.

चौविहार आणि गोळीची वेळ

आपल्या समाजात आणखी एक अडचण सहसा कोणी डॉक्टरांना सांगत नाही. रात्री पाणीही वर्ज्य असल्याने काही श्रावक झोपेची गोळी सूर्यास्तापूर्वीच घेऊन टाकतात. झोल्पिडेमसारखे औषध लवकर चढते. ते अंथरुणावर जाताना आणि सात-आठ तास झोपण्यास मोकळे असतील तेव्हाच घ्यायचे असते. सायंकाळी घेऊन दुकान आवरणे, जिना उतरणे, प्रतिक्रमणाहून दुचाकीवर परतणे हे अपघाताला निमंत्रण होय. आपला नियम डॉक्टरांना स्पष्ट सांगावा आणि औषधाची गरज गुरुमहाराजांना सांगावी. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार असतो. तिविहारात पाणी चालते. आजारी माणसासाठी मार्ग परंपरेतच आहे, तो विचारून घेण्यात कमीपणा नाही.

घरातील वृद्धांच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळ उडतो, रात्री लघुशंकेला उठताना पडून खुब्याचे हाड मोडते. पुष्कळदा ज्याला 'वयाचा विसराळूपणा' म्हटले जाते, त्यात गोळीचाही वाटा असतो. मद्य किंवा कोडिनयुक्त खोकल्याचे औषध यांसोबत या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावू शकतो.

कायदा आणि ओळखीचे दुकान

भारतात १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच१' लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे त्यात येतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावीत आणि रुग्णाची व डॉक्टरांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. औषधांच्या व्यापारात आपली अनेक कुटुंबे आहेत. ओळखीखातर चिठ्ठीविना दिलेली पट्टी हा स्नेह नव्हे, हे त्यांनीही मनावर घ्यावे.

गोळी सर्वथा त्याज्य आहे, असेही नाही. शोक, शस्त्रक्रिया, तीव्र मनोव्यथा अशा काळात थोड्या दिवसांसाठी ती उपकारक ठरते. मात्र जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून विचार व सवयी बदलणारी मानसोपचार पद्धती असावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. तिची सूत्रे साधी आहेत : उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, अंथरूण झोपेसाठीच वापरावे, वीसएक मिनिटांत झोप न आल्यास उठून मंद प्रकाशात शांत बसावे, दुपारनंतर चहा टाळावा, वसुलीचे हिशेब आणि मोबाइल शय्यागृहाबाहेर ठेवावेत. आडत व्यापाऱ्यांनी दिवसाची चिंता सायंकाळच्या प्रतिक्रमणापूर्वी वहीत लिहून वही दुकानातच ठेवण्याचा नेम केला. पहिले काही आठवडे कठीण गेले; आता ते बहुतेक रात्री गोळीविना झोपतात.

कापड व्यापाऱ्याच्या घरी मात्र एक हिशेब बाकी होता. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सासू आणि सून दोघी मावशींच्या वस्तीत गेल्या. खरी हकीकत सांगून सासूबाईंनी हात जोडले आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. मावशींनी चहा केला, बराच वेळ बोलल्या; पण कामावर परत येण्यास त्यांनी नकार दिला.