संदर्भाची मर्यादा

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात ‘टाकळीला जातो’ असे कोणी म्हटले, तर पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर, राहुरीत टाकळीमिया व श्रीरामपुरात टाकळीभान असा अर्थ सहज घेतला जातो. ‘मी’, ‘येथे’, ‘आज’ या शब्दांप्रमाणेच येथे अर्थनिश्चिती प्रसंगावर अवलंबून असते.

संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उद्भवतो. पायथन भाषेतील ‘फ्लास्क’ या वेब-चौकटीत ‘रिक्वेस्ट’ हे नाव दिसावयास सार्वत्रिक आहे. त्याचा निर्देश मात्र त्या क्षणी हाताळल्या जाणाऱ्या मागणीकडेच असतो. मागणी येताच तिच्यासाठी एक संदर्भवस्तू निर्माण होते आणि काम संपताच ती विसर्जित होते.

ही वस्तू पूर्वी ‘थ्रेड’शी बांधली जात असे. एका थ्रेडवर एका वेळी एकच मागणी असेतो हे पुरेसे होते. परंतु असमकालिक रचनेत एक मागणी माहितीसाठ्याच्या उत्तराची वाट पाहत असता त्याच थ्रेडवर दुसरी सुरू होते. तेथे केवळ थ्रेडवर विसंबल्यास एका शेतकऱ्याच्या कर्जखात्याचा तपशील दुसऱ्याच्या हाती पडावयाचा! म्हणून पायथनच्या ३.७ या आवृत्तीत (२०१८) ‘काँटेक्स्टव्हार्स’ची योजना झाली. तीनुसार प्रत्येक कार्यास संदर्भाची स्वतंत्र प्रत मिळते, आणि बदललेले मूल्य पूर्ववत करण्यासाठी एक खूणही हाती राहते.

सारांश, संदर्भ जेथे सुरू होतो तेथेच त्याचा शेवटही निश्चित करावा. मागणी संपूनही उरलेला संदर्भ ही सोय नव्हे, दोष होय.