वाळूजच्या कारखान्यातला सर्व्हर

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारे कितीतरी छोटे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांच्या ऑफिसात आता एका कोपऱ्यात सर्व्हर असतो. ड्रॉइंग, सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम, तपासणीचे रिपोर्ट सगळं त्यावर. तो बंद पडला की ऑपरेटरला ड्रॉइंग मिळत नाही आणि माल अडकतो.

अशाच एका कारखान्यातला जुना सर्व्हर बदलायचं काम माझ्याकडे आलं. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ होतं आणि त्याचे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२३मध्येच थांबले होते. मालकांनी विचारलं, "लिनक्सला पैसे पडत नाहीत ना? मग लायसन्स कशाला घ्यायचं?" आम्ही हिशेब मांडला. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर ठरतं. मशीनमध्ये सहाच कोअर असले तरी किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं. शिवाय वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा संगणकामागे वेगळं लायसन्स. नुसत्या फाइल ठेवायला एवढा खर्च पटेना. डेबियन लिनक्स घालायचं ठरलं.

आयएसओ फाइल उतरवली की आधी तिचा चेकसम डेबियनने दिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा, मगच पेनड्राइव्ह बनवायचा. इन्स्टॉलरच्या भाषांमध्ये मराठीही आहे. सर्व्हरवर मात्र मी इंग्रजी ठेवतो, कारण अडचण आली की एररचा मजकूर जसाच्या तसा शोधता येतो. दोन सारख्या डिस्कची रेड-१ जोडी केली. दोन्हींवर तोच डेटा, त्यामुळे एक गेली तरी काम थांबत नाही. सॉफ्टवेअर निवडताना डेस्कटॉपची खूण काढली आणि एसएसएच सर्व्हर ठेवला. इथवर सगळं झटपट होतं.

वेळ लागतो तो पुढे. ऑफिसातल्या विंडोज संगणकांना फोल्डर दिसावेत म्हणून सांबा घातलं. डिझाइनवाल्यांनी ड्रॉइंग बदलावं, ऑपरेटरने फक्त उघडावं, हिशेबाचं फोल्डर दोघांनाही दिसू नये, अशा परवानग्या एकेक करून लावल्या. टेस्टपार्म चालवून कॉन्फिगरेशन तपासलं. मग ऑपरेटरच्या लॉगिनने एक ड्रॉइंग मुद्दाम डिलीट करून पाहिलं. परवानगी नाकारल्याचा मेसेज आला, तेव्हा कुठे समाधान झालं.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून रोज रात्री आरसिंकने दुसऱ्या मशीनवर प्रत जाते. वीज गेली तर यूपीएसची बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद व्हावा, अशीही सोय केली.

हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं होतं. तो संगणक रीतसर लायसन्स घेऊन विंडोजवरच ठेवला. जिथे गरज आहे तिथे पैसे भरावेत, चोरीची कॉपी घालू नये.

पैसे न घेणाऱ्या सिस्टीमवरही आंधळा विश्वास नको. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर अनेकांनी ते घातलं. डिसेंबर २०२०मध्ये घोषणा झाली की ते २०२१अखेरच थांबणार. लोकांना रॉकी किंवा अल्मा लिनक्सकडे वळावं लागलं. सिस्टीम निवडण्याआधी तिच्यामागे कोण उभं आहे ते बघावं. डेबियनमागे एक कंपनी नाही, १९९३पासून काम करणारे स्वयंसेवक आहेत, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो.

छोट्या कारखानदारांना माझं सांगणं एवढंच. फाइल सर्व्हरसाठी लिनक्स बेलाशक घ्या, पण लायसन्सचे वाचलेले पैसे दुसरी डिस्क, चांगला यूपीएस आणि हाकेच्या अंतरावरचा जाणकार माणूस यांवर खर्च करा. आपल्याच ऑफिसातल्या एखाद्या मुलाला तयार करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत. आणि अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल परत काढून, उघडून बघत जा.