दारू सोडविताना घ्यावयाची दक्षता

दीर्घकाळ रोज मद्यपान करणाऱ्याचा मेंदू मद्याला सरावलेला असतो. दारू एकाएकी बंद केल्यास काही तासांतच कंप, घाम व निद्रानाश सुरू होतो. क्वचित झटके येतात आणि २ ते ३ दिवसांनी वातभ्रम होऊन प्राणांवरही बेतू शकते. म्हणून भांडगाव परिसरातील कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे, की रुग्णास घरात कोंडून दारू तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली शामक औषधे व ‘ब-१’ जीवनसत्त्व दिल्यास हा काळ बहुधा सुखरूप पार पडतो. तथापि, त्यानंतरही दारूची ओढ उरतेच. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’ने समुपदेशन, सहरुग्णांचा आधार व कुटुंबाचा सहभाग यांवर भर दिला. व्यसनाधीनता हा आजार आहे. रुग्णास दूषणे नव्हेत, उपचार हवेत.