मीठ, आयोडीन आणि अवटुग्रंथीवरील गोळी

विजयदुर्गासारख्या गावी आयोडीनविषयी बोलू लागले, की ऐकणारा प्रथम हसतो. किल्ल्याच्या तिन्ही अंगांस समुद्र, वाघोटणच्या खाडीत होड्या, घरात ताजा बांगडा नाही तर सुकट. अशा ठिकाणी आयोडीनची वाण कशी पडेल, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शिक्षकास देता आले पाहिजे. याच्या जोडीला दुसरीही एक समजूत ऐकू येते. थायरॉइडची गोळी चालू झाली, की कोणी आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य करतो. उलट कोणी मिठात औषध आहेच असे समजून गोळीच सोडून देतो. या दोन्ही समजुतींचा त्रास अखेरीस मुलांना पोहोचतो, म्हणून या विषयाचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

मानेच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या किंचित खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शास्त्रीय मराठीत तिला अवटुग्रंथी म्हणतात. लोकांच्या तोंडी थायरॉइड हाच शब्द रुळला आहे. ही ग्रंथी रक्तातील आयोडीन उचलून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन नावाचा स्राव तयार करते. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीराची ऊब, हृदयाची गती, हाडांची वाढ आणि लहान वयात मेंदूची घडण या सर्वांवर या स्रावाचा अंमल चालतो. आयोडीन अपुरे मिळाले की स्राव कमी पडतो. मग मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिक काम करण्याचा तगादा लावते, आणि त्या तगाद्याखाली अवटुग्रंथी फुगत जाते. यालाच गलगंड म्हणतात. गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत हा तुटवडा तीव्र असेल, तर मुलाच्या बुद्धीची कायमची हानी होते.

प्रौढ माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलास १२० आणि गरोदर स्त्रीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी ती चार ग्रॅमही भरत नाही. एक लहान चमचासुद्धा नाही. परंतु शरीर याचा मोठा साठा करून ठेवू शकत नाही. त्यामुळे हा चमचाभर पदार्थ आयुष्यभर, दररोज, कणाकणाने मिळावा लागतो.

आता समुद्राचा प्रश्न घेऊ. सातवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखविण्याजोगे हे गणित आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असते सुमारे ६० मायक्रोग्रॅम. म्हणजे पाणी आटवून त्यातील सर्वच्या सर्व आयोडीन मिठात उतरले असे धरले, तरी १० ग्रॅम मिठातून १७ मायक्रोग्रॅमच मिळणार. गरज आहे १२० ते १५० ची. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही; मिठागरात मीठ धरते तेव्हा आयोडीनचा बराचसा अंश मागे उरणाऱ्या कडवट पाण्यातच राहतो. आपल्या जिल्ह्यात १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यामुळे आगरातल्या खडे मिठाविषयी आपल्या मनात एक आपलेपणा आहे. तो असावा, पण आयोडीनच्या बाबतीत त्या मिठावर विसंबता येत नाही.

मासळीचे तसे नाही. समुद्रातील जीव व वनस्पती पाण्यातले आयोडीन आपल्या अंगात साठवितात. आयोडीनचा शोधच मुळी समुद्रवनस्पतींच्या राखेतून लागला. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हा सोरा बनविणारा गृहस्थ त्या राखेवर काम करीत असता जांभळी वाफ निघाली. ताजी समुद्रमासळी नित्य खाणाऱ्यास आयोडीनचा चांगला भाग मिळतो, हे खरेच आहे. मात्र नित्य खाणारे किती, याचा विचार करावा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यानंतर अनेक घरी श्रावण पाळला जातो, पुढे मार्गशीर्ष येतो. काही कुटुंबे मुळातच शाकाहारी. शिवाय चांगली मासळी बाजारात जाते आणि ज्याच्या होडीतून ती उतरली त्याच्या ताटात उरलेसुरले पडते, हे आपण पाहतोच. मासळीचे प्रमाण घराघरांत व महिन्यामहिन्यांत बदलते. मीठ मात्र प्रत्येक घरात, प्रत्येक दिवशी, जवळजवळ सारख्याच मापाने शिजते. आयोडीन पोहोचविण्यास मीठ का निवडले, याचे कारण हेच.

ही निवड अनुभवावर पारखलेली आहे. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग पाडून दोन भागांना आयोडीन मिसळलेले मीठ व तिसऱ्यास साधे मीठ पुरविले. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, तिसऱ्यात घटले नाही. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा आजार केवळ डोंगराळ मुलुखाचा आहे अशी त्या वेळी कल्पना होती. पुढील पाहण्यांत तो मैदानी प्रदेशांतही आढळला, तेव्हा सर्व देशातील खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले, आणि १९९२ साली कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात केवळ गलगंडच नव्हे तर आयोडीनच्या अभावाचे सर्व विकार समाविष्ट करण्यात आले. आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकण्यावर २००६ पासून देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठाच्या दहा लाख भागांत आयोडीनचे निदान १५ भाग असावे, असा दंडक आहे; म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. पुडीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह असते, ते मुलांकडून शोधून घ्यावे.

मासे खारविण्यासाठी किंवा जनावरांसाठी साधे मीठ विकण्यास मात्र मुभा आहे, आणि किनाऱ्यावर गोम आहे ती इथे. खारवणीसाठी आणलेले खडे मीठ स्वस्त पडते, म्हणून तेच हळूहळू चुलीपाशी येते. मीठ कोणते, हे चवीवरून कळत नाही. त्यातच पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या भांड्यातील मिठाला पाणी सुटते व त्याबरोबर आयोडीनही कमी होते. घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, चुलीपासून दूरची जागा आणि पदार्थ उतरविताना मीठ घालणे, एवढी काळजी पुरते. आयोडीन हवे म्हणून मीठ जास्त खावे, असा अर्थ कोणी काढू नये. मिठाची परीक्षा घेण्याचे द्रावण काही ठिकाणी आशा सेविकांकडे असते. त्याचा थेंब पडला की आयोडीनयुक्त मीठ निळे-जांभळे होते. केवळ भाताची पेज टाकून ही परीक्षा होत नाही, कारण आपल्या मिठात आयोडीन हे पोटॅशियम आयोडेटच्या रूपात असते व ते पेजेने निळे पडत नाही.

येथवर निरोगी माणसाची गोष्ट झाली. ज्याची अवटुग्रंथी मंद झाली आहे त्याची गोष्ट निराळी, आणि घोटाळा होतो तो या दोहोंची सरमिसळ केल्याने. आज आपल्याकडे गोळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार आयोडीनच्या अभावाचा नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून या ग्रंथीवर उलटते व तिचा नाश करीत जाते. कारखानाच मोडल्यावर कच्चा माल कितीही आणून टाकला तरी पक्का माल निघत नाही. म्हणून अशा रुग्णास तयार थायरॉक्सिनच द्यावे लागते. लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच. मीठ हे या गोळीची जागा घेऊ शकत नाही. त्याचप्रमाणे ते गोळीच्या आडही येत नाही. जेवणातील आयोडीनयुक्त मिठाने गोळीचा गुण कमी होत नाही, तेव्हा ते सोडण्याचे सर्वसाधारण रुग्णास काही कारण नाही. आईच्या गोळीपायी घरचे मीठ बदलले, तर त्याची झळ त्याच भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांस लागते.

गोळीच्या आड येणारे पदार्थ वेगळेच आहेत, आणि ते शाळेच्या व अंगणवाडीच्या कपाटात असतात. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या पोटात थायरॉक्सिनशी बांधल्या जातात व ते रक्तात उतरू देत नाहीत. आम्लपित्तावरील काही औषधांचेही तसेच. यासाठी थायरॉक्सिनची गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी आणि लोह-कॅल्शियम निदान चार तासांनी घ्यावे. गरोदर स्त्रियांना लोह व कॅल्शियम दोन्ही मिळतात. सर्व गोळ्या एकदमच चहाबरोबर घेऊन मोकळे होण्याची रीत फार घातक आहे, कारण त्या काळात थायरॉक्सिनची गरज वाढलेली असते व गर्भाचा मेंदू प्रथम आईच्याच स्रावावर अवलंबून असतो. गरोदरपण लागले म्हणून गोळी बंद करणे तर सर्वथा चूक. उलट लागलीच डॉक्टरांकडे जाऊन मात्रा तपासून घ्यावी.

आयोडीन अधिक झाले तर काय, असे चौकस पालक विचारतील. मिठातल्या प्रमाणाने बहुतेकांस बाधा होत नाही. परंतु समुद्रवनस्पतींच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब वगैरे शक्तिवर्धक म्हणून विकले जाणारे पदार्थ यांत ते अनेक पटींनी असू शकते. फार मोठी मात्रा मिळाली की ग्रंथी काही काळ काम आवरते, हे वोल्फ व चायकॉफ यांनी १९४८ साली प्रयोगाने दाखविले. निरोगी ग्रंथी त्यातून सावरते, दुबळी सावरत नाही. जपानच्या होक्काइदो किनाऱ्यावर समुद्रवनस्पती भरपूर खाणाऱ्या लोकांत आयोडीनच्या अतिरेकाने गलगंड झाल्याचे १९६५ साली प्रसिद्ध झाले. समुद्राकाठच्या माणसांनी ध्यानात ठेवावा असा हा दाखला आहे. ज्यांची ग्रंथी मंद नसून अतिवेगाने चालते व त्यासाठी कार्बिमाझोल दिले जाते, त्यांनी तर असे पदार्थ टाळावेतच, कारण जादा आयोडीन त्या औषधाचा प्रभाव उणा करते. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार घ्यावयाचे असतील तेव्हा मात्र डॉक्टर काही दिवस आयोडीनयुक्त मीठ बंद करावयास सांगतात. मुंबईस परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे व तेथे असे उपचार होतात. तिकडून परतलेल्या एखाद्या रुग्णाचे तात्पुरते पथ्य गावात सर्वांचा नियम होऊन बसू नये.

आता वर्गाकडे वळू. मुलाची अवटुग्रंथी मंदावली की बहुधा प्रथम उंचीची वाढ अडते. शाळेच्या नोंदवहीत दर सहामाहीस उंची लिहिली जाते, ती पुष्कळदा केवळ रकाना भरण्यासाठी. मागील दोन नोंदींशी ताडून पाहिले, तर उंची जवळजवळ थबकली आहे व वजन मात्र वाढते आहे, असे एखादे मूल डोळ्यांत भरेल. त्याच्या जोडीस थंडी फार वाजणे, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, वर्गात पेंगणे अशी चिन्हे असल्यास, किंवा गळा पुढून फुगलेला दिसल्यास, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास, नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. निदान रक्ताच्या तपासणीने होते. शिक्षकाने आपण होऊन नाव ठेवू नये. प्रत्येक सुस्त मूल या आजाराचे नसते, आणि प्रत्येक आजारी मूल सुस्तही नसते. जन्मतःच हा विकार असलेल्या बालकास पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर ते इतर मुलांसारखेच शिकते. असे मूल गोळी घेते एवढ्यावरून त्यास मंद समजून मागच्या बाकावर बसविणे हा अन्याय होय. कार्बिमाझोल घेणाऱ्या मुलास ताप येऊन घसा दुखू लागला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठविण्यास पालकांस सांगावे. त्या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात.

राहिली साप्ताहिक लोहगोळी. लहान वर्गांस गुलाबी व मोठ्या वर्गांस निळी अशी ती मध्यान्ह भोजनानंतर दिली जाते. सकाळी सहाला थायरॉक्सिन घेतलेल्या मुलीने दुपारी एकच्या सुमारास ही गोळी घेतली, तर काहीच अडचण नाही. तिला वगळू नये, कारण रक्तक्षयही तिच्या वाट्यास असू शकतो. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरू लागली म्हणजे मात्र हिशेब चुकतो. भोजन नऊसाडेनऊला आटोपते आणि चार तास भरत नाहीत. अशा मुलीची लोहगोळी पालकांच्या हाती देऊन ती दुपारच्या जेवणानंतर द्यावयास सांगावे, आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे तशी खूण करून ठेवावी, म्हणजे बदलीवर आलेल्या शिक्षकासही ती दिसेल.