जमिनीचा दलाल आणि नवखा ग्राहक

परभणी, सेलू, गंगाखेड अशा गावी भूखंड घेऊ पाहणाऱ्या नवख्या गृहस्थाची प्रथम गाठ पडते ती दलालाशी. दलाल म्हणजे लबाडच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती यथार्थ नव्हे. कोणता मालक विकण्यास राजी आहे व भाव काय चालला आहे, हे ज्ञान हेच त्याचे भांडवल होय. मात्र दलाली तो एकाच पक्षाकडून घेणार की दोहोंकडून, हे आरंभीच विचारावे. दलालीचा दर व ती देण्याची वेळ लिहून ठेवावी.

2016 च्या स्थावर संपदा कायद्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड वा सदनिका विकून देणाऱ्या मध्यस्थास महारेराकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नसावा. सुट्या शेतजमिनीच्या व्यवहारास हे संरक्षण नाही. तेथे सातबारा व फेरफार स्वतःच पाहावेत. 1948 पर्यंत निजामी अमलात असलेल्या या मुलखात इनामी जमिनी होत्या, व त्यांपैकी काही आजही भोगवटादार वर्ग 2 म्हणून नोंदलेल्या आढळतात. तसा शेरा असल्यास सरकारी परवानगीची खात्री केल्यावाचून विसार देऊ नये. अन्यथा जन्माची शिल्लक अडकून पडावयाची.

ग्राहकाचेही कर्तव्य आहेच. दलालाने दाखविलेली जागा त्यास वगळून परस्पर घेतल्यास दलाली वाचते खरी. परंतु लहान गावात ही गोष्ट लपत नाही, आणि पुढे चांगली जागा त्या ग्राहकाच्या कानी कोणी घालीत नाही. सचोटी दोन्ही बाजूंनी असेल, तरच हा संबंध टिकतो.